अण्णा, तुमच्या दुसऱ्या नाशिकातली शालू

अण्णा,

काल सगळे गेले. खुर्च्या मांडववाल्याने नेल्या, मोठी पातेली ज्यांच्या त्यांच्या घरी पोचली, आणि तुमच्या खोलीतला पंखा कुणीतरी चालूच ठेवून गेलं होतं, तो मी बंद केला. आता घरात मी आणि माझी आई. ती सटाण्याहून आली आहे, मला घेऊनच जायचं असं मनाशी ठरवून आली होती, पण तसं एकदाही बोलली नाही. विंचूरच्या वायनरीतल्या माझ्या साहेबांचा निरोप आला, हवी तेवढी रजा घ्या. द्राक्षाच्या रसातली साखर आणि आंबटपणा तपासायचं माझं काम सध्या दुसरं कुणीतरी करतंय आणि ते बरं चाललं असावं, कारण कुणाचा फोन नाही.

दमले आहे मी. रडून माणूस एवढा दमत नाही, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगून दमतो. तुमच्या आजारपणाचं सांगायचं, मग ते विचारायचे, "ते काहीतरी लिहायचे ना? विनोदी? भुताखेतांचं?" मी म्हणायची, भुताखेतांचं नाही, भूतकाळाचं. मग समोरचा चेहरा गोंधळायचा आणि मला बसची सगळी कथा सांगायला लागायची. शेवटी शेवटी मी नुसतंच "हो, भुताखेतांचं" म्हणायला लागले. तुम्ही असता तर चिडला असता.

ओझरच्या विमान कारखान्यातले तुमचे जुने सहकारीही येऊन गेले. त्यातले एक उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ होते. ते मला म्हणाले, "आमच्या ड्रॉइंग ऑफिसात याच्याइतका काटेकोर माणूस झाला नाही. पंखातलं एक भोक केसाइतकं सरकलं तरी अख्खं ड्रॉइंग परत पाठवायचा. आणि रिटायर झाल्यावर लिहायला लागला काय, तर दोन दारांची बस!" असं म्हणून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. त्यांना मी चहा दिला. त्या दिवसांत मनापासून दिलेला तो एकच चहा असेल.

दोन दारांची बस. पुढच्या दाराने उतरलं की भविष्यकाळ, मागच्या दाराने उतरलं की भूतकाळ, आणि गाडीवर पाटी, 'काल ते उद्या, मार्गे घोटी'. तिचा कंडक्टर भिकाजी. त्याला कुठल्याही शतकात सोडलं तरी तो आधी चहाची टपरी शोधायचा. बस जिथे जायची ते तुमचं कालवणपूर, जिथे काळ रश्शासारखा ढवळला जातो, आणि कालचं जेवण बिघडलं म्हणून जिथला राजा अख्खा कालचा दिवस परत करायला लावतो. या घरात सून म्हणून आले तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. सासूबाई आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेल्या. घरात दोनच पुरुष, तुम्ही आणि निखिल, आणि जेवणाच्या टेबलावर विमानाच्या नकाशांसारखे मोठे कागद पसरलेले. मला वाटलं, कारखान्यातलं काम घरी आणलंय. निखिल म्हणाला, "नाही गं, भिकाजी कालच्या सोमवारातून परवाच्या रविवारात कसा गेला, त्याचं ड्रॉइंग आहे." लाल पेन्सिलीने भूतकाळ, हिरव्या पेन्सिलीने भविष्य. "गंमत हवी तेवढी करावी, पण वायरिंग बरोबर पाहिजे," हे तुमचं वाक्य मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं.

तेव्हा तुमचं हाताने लिहिलेलं कॉम्प्युटरवर टंकायचं काम निखिल करायचा. एकेक ओळ मोठ्याने वाचून हसायचा आणि हसण्यात चुका करायचा.

मग निखिल गेला. सकाळी डोकं दुखतंय म्हणाला, चहा अर्धा सोडून उठला, आणि मोरीच्या दारात पडला. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं की मेंदूतली एक नस जन्मापासूनच कमकुवत होती. तुम्ही विचारलंत, "आधी कळलं असतं तर?" ते म्हणाले, "कळायला काही कारणच नव्हतं." तुम्ही थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलंत. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, चिडले नाहीत. परत येताना रिक्षात तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, फक्त पंचवटीत शिरल्यावर रिक्षावाल्याला म्हणालात, "सावकाश घ्या."

तेव्हाही आई मला न्यायला आली होती. मनातलं बोलायचं असलं की ती अहिराणीत बोलते. तुमच्यादेखत मला म्हणाली, "आते तुनं आठे काय शे, बेटा?" आता तुझं इथे काय आहे. तुम्हाला अहिराणी येत नव्हती, पण ते तुम्हाला समजलं. तुम्ही म्हणालात, "मानसी, तुला जायचं असेल तर मी स्वतः सोडायला येतो. राहायचं असेल तर राहा. मला दोन्ही चालेल." दोन्ही चालेल म्हणताना तुमचा आवाज काही चालेल असा नव्हता. मी राहिले. का राहिले ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. बाकीच्यांनी कारण ठरवून टाकलं. सासऱ्यांना कोण आहे, म्हणून राहिली बिचारी. बिचारी हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की नंतर नंतर तो मला टोपणनावासारखा वाटायला लागला.

एका दुपारी जुने फोटो शोधायला मी निखिलचा कॉम्प्युटर उघडला आणि तुमच्या पुस्तकाची फाइल समोर आली. शेवटची ओळ अर्धीच होती. 'भिकाजीने घंटा ओढली, बस हलली आणि'. पुढे काही नाही. मी बराच वेळ ती ओळ बघत बसले. मग बाहेर आले. तुम्ही टेबलाशी मटार सोलत होता.

"अण्णा, बस हलली आणि काय?"

"काय काय?"

"भिकाजीची बस. हलली आणि काय झालं?"

तुम्ही हातातली शेंग खाली ठेवलीत. माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "आणि त्याच्या लक्षात आलं की मागचं दार उघडंच राहिलंय."

मी आत गेले, तेवढं टंकलं, परत आले. "मग?"

"मग सतराव्या शतकातली एक कोंबडी आत आली."

मी पुन्हा आत गेले. त्या दुपारी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मटार तसेच राहिले. जेवायला आपण दहीभात खाल्ला आणि त्या कोंबडीला तिकीट लागू होतं की नाही यावर वाद घातला. पुढे तेच आपलं आयुष्य झालं. शनिवार-रविवार मी टंकायची, तुम्ही शेजारी येरझारा घालायचे, आणि मी एखाद्या ठिकाणी थांबले की तुम्हाला घाम फुटायचा. "काय झालं? वायरिंग चुकलं?" बहुतेक वेळा मला फक्त शिंक आलेली असायची.

एकदा खरंच चुकलं होतं. भिकाजी भूतकाळात गेला आणि त्याला तिथे तरुणपणचा भिकाजीच भेटला. दोन भिकाजी, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा एकच. दोघेही म्हणतात, खरा मी. तुम्ही आठवडाभर कागदांवर लाल-हिरव्या रेषा मारत होता. मी विंचूरहून आले होते, कंपनीच्या गाडीने नांदूर नाक्यावर सोडलं होतं, तिथून चालत, उन्हातून. मी पर्स टाकली आणि म्हटलं, "त्यात काय, जो जास्त दमलेला दिसतोय तो नंतरचा." तुम्ही टेबलावर डोकं ठेवून हसलात. ते वाक्य जसंच्या तसं पुस्तकात गेलं आणि वाचकांची सगळ्यात जास्त पत्रं त्याच वाक्याबद्दल आली. तुम्ही प्रत्येकाला कळवलंत की ते सुनेचं आहे. मी तुम्हाला नको म्हणत होते.

आणि फ्लॅशबॅक. त्याचं तर मी कुणालाच सांगितलेलं नाही.

निखिलनंतर मला ते व्हायचं. कुठेही, काही करता करता मी थांबायची. दूध उतू जायचं, जिन्यात शेजारीण बोलत असायची आणि मला तिचे फक्त ओठ हलताना दिसायचे. त्या दिवशी आपण गणेशवाडीच्या भाजीबाजारात होतो. मखमलाबादकडची एक बाई मेथी घेऊन बसली होती. मी जुडी हातात घेतली आणि गेलेच कुठेतरी. निखिल मेथी निवडताना काड्या माझ्या केसांत खोचायचा, बहुधा तिथेच गेले असेन. किती वेळ उभी होते माहीत नाही. कानावर आधी त्या बाईचा आवाज आला.

"बाबा, ताईला बरं नाय वाटत का?"

आणि तुमचा आवाज, अगदी शांत, "बरं आहे. तिला फ्लॅशबॅक आलाय. थांबा जरा, येईल परत."

"येऊ द्या की. मला काय घाई नाय."

मी भानावर आले तेव्हा माझी पिशवी तुमच्या हातात होती आणि त्या बाईने मला प्यायला पाणी पुढे केलं होतं. मला लाज वाटली.  दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोन पानं माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "नको असेल तर फाडून टाक. मला राग येणार नाही." त्या पानांत कालवणपूरच्या लोकांना फ्लॅशबॅक येत होते. भर रस्त्यात, लग्नात, राजदरबारात. म्हणून नगरपालिकेने जागोजागी फ्लॅशबॅक-थांबे बांधले होते, वर पत्रा, खाली बाकडं. शहराचा नियम असा की फ्लॅशबॅक आलेल्या माणसाला हलवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. त्याच्या हातातली पिशवी धरायची आणि उभं राहायचं. न्हाव्याला फ्लॅशबॅक आला तर गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बसून राहतं. एकदा तर शत्रूच्या सेनापतीला हल्ला करताना आला आणि कालवणपूरचे सगळे सैनिक त्याची तलवार धरून उभे राहिले, कारण नियम म्हणजे नियम.

त्या सेनापतीपाशी मी हसले. निखिल गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि मोठ्याने. मग मला रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. तुम्ही गॅलरीत पाठमोरे उभे राहून कुंडीतल्या तुळशीची पानं उगाच खुडत होता. माझ्या दुःखावर विनोद केलात म्हणून कुणी तुम्हाला बोल लावला असता तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्यानंतर मला ते होत राहिलंच, पण भीती गेली. जिन्यात थांबले तरी मनात म्हणायची, थांब्यावर उभी आहे, येईन परत.

लोक विचारायचे, तुमच्या कादंबऱ्यांत सगळे भूतकाळात जातात, मग कुणी कुणाला वाचवत का नाही? तुम्ही उत्तर टाळायचे. मला उत्तर माहीत होतं. टेबलावरच्या कागदांत एक कागद वेगळा असायचा, त्यावर भिकाजी नव्हता. मी त्याबद्दल कधी बोलले नाही, तुम्हीही नाही. गेल्या दिवाळीनंतर तुम्ही शेवटचं प्रकरण हातात दिलंत तोपर्यंत.

'नाशिक, पण दुसरं'. या कादंबरीत बसला तिसरी वाट फुटली होती. पुढचं दार नाही, मागचं दार नाही, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेली खिडकी. त्या खिडकीतून उतरलं की आपलंच नाशिक, पण दुसरं. तिथे कांदा चिरला की कांदाच रडतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून ढग निघतात आणि लोक तक्रार करतात की गच्चीवर टाकलेल्या गाद्या भिजल्या. गोदावरी संध्याकाळी थकून त्र्यंबकला परत जाते. मी सगळं हसत हसत टंकलं. आणि मग शेवटच्या प्रकरणात बसमध्ये शालू आली. तरुण, नवरा गेलेली. एका म्हाताऱ्या सासऱ्याबरोबर राहणारी. भिकाजी तिला त्या खिडकीतून उतरवतो, कित्येक वर्षांपूर्वीच्या एका सकाळी, कॉलेजच्या दाराशी. तिथे तिला एक मुलगा, पुढे तिचा नवरा होणारा, भेटायचा असतो आणि त्या सकाळी तो भेटत नाही. कॅन्टीनमध्ये दोघं दोन टोकांना बसतात. बस्स, एवढंच होतं. मग शालू शिकते, पुण्याला प्राध्यापक होते, तिचं घर असतं, बाग असते, दारात मुलं खेळत असतात. शेवटी बस तिच्या अंगणावरून जाते आणि ती मान वर करूनही बघत नाही.

कादंबरीतलं हे एकच प्रकरण, ज्यात विनोद नव्हता.

मी ती पानं घेऊन बाहेर आले. रविवार होता, कुकर लावलेला होता.

"अण्णा, हे काय आहे?"

"शेवट."

"शालू म्हणजे मी."

"शालू म्हणजे शालू. तिला भेंडी आवडत नाही, तुला आवडते."

"अण्णा."

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. तो वेगळा कागद ओढून माझ्यापुढे केलात. त्यावर एक लांब लाल रेघ होती आणि तिच्यावर प्रत्येक थांब्याला फुली. "हे बघ," तुम्ही म्हणालात. "त्या सकाळी उतरलो तर काय करणार? उशीर झालेला आहे. आदल्या वर्षी उतरलो, तरी ती नस आहेच. त्याच्या शाळेत उतरलो, आहेच. पाळण्यात आहे. त्याच्या आईच्या पोटात आहे. मी सगळीकडे उतरून बघितलं, मानसी. निखिलला नाही वाचवता येत. तुला येतं."

"मला कशातून वाचवायचंय?"

तुम्ही हात नुसता फिरवलात. टेबल, औषधांचे डबे, भिंतीवरचा निखिल, आणि शेवटी स्वतःची छाती. "यातून."

मला राग आला. इतका की मी तुमच्याच शब्दांत तुमच्यावर धावून गेले. "वायरिंग चुकलंय तुमचं. ती बाई या घरात आलीच नाही तर निखिल गेल्यावर तुमची बस कुणी पुढे नेली? हे पुस्तक लिहिलं कुणी, टंकलं कुणी? त्या जगात तुम्ही एकटे आहात. हे प्रकरणच तिथे नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

"असू दे चुकलेलं," तुम्ही म्हणालात.

केसाइतकं भोक सरकलं तर ड्रॉइंग परत पाठवणारा माणूस तुम्ही. मी ती पानं टेबलावर ठेवली. मग म्हटलं, "मला विचारलंत का? मला ते हवं होतं का?"

"आता विचारतो. का थांबलीस तू इथे?"

कुकरची शिट्टी झाली. मी आत गेले. गॅस बंद केला, भात झाकला, कोशिंबीर केली, सगळं सावकाश. परत आले तेव्हा तुम्ही कागद गुंडाळून ठेवले होते आणि ताटं घेतली होती. तो प्रश्न तसाच राहिला.

त्यानंतर मी सगळी कादंबरी टंकून पूर्ण केली, ते प्रकरण सोडून. आपण भांडलो नाही. तुम्ही दर थोड्या दिवसांनी विचारायचे, "शालूचं काय?" मी म्हणायची, "बसमध्येच आहे. खिडकी अडकली आहे." तुम्ही म्हणायचे, "भिकाजीला सांग, तेल घाल." मी म्हणायची, "तिला उतरायचं नाही म्हणतेय." "वेडी आहे," तुम्ही म्हणायचे आणि पेपर उघडायचे. तुम्ही खरंच मानत होता की मी तुमच्यासाठी अडकले आहे. तुमच्या गोळ्यांच्या वेळा, तुमचा बिनसाखरेचा चहा, तुमचा खोकला. खोकला वाढला तसं तुमचं ते मानणंही वाढत गेलं. माझ्यासमोर खोकायचं नाही म्हणून तुम्ही गॅलरीत जायचे. मला आतून ऐकू यायचं.

हॉस्पिटलमध्ये तोंडावरचा मास्क स्वतःच बाजूला करून तुम्ही विचारलंत, "टंकलंस?"

"नाही. मास्क लावा."

"हट्टी."

"तुमच्याच घरात राहते."

तुम्ही हसलात, मग खोकलात, मग बराच वेळ डोळे मिटून पडून होता. मला वाटलं झोप लागली. "माझं लिहून झालंय," तुम्ही म्हणालात. "आता त्या पोरीचं काय करायचं ते तू बघ. पण तिला बसमध्ये ठेवू नकोस. बसमध्ये कुणी राहतं का?" त्यानंतर तुम्ही बोललात ते पाण्याबद्दल आणि उशीबद्दल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नर्सला सलाइनबद्दल काहीतरी विचारत होते आणि वळून पाहिलं तर तुम्ही नव्हता. तुमचा हात माझ्या हातात नव्हता, शेवटचं काही बोलणं झालं नाही. सलाइन मात्र चालू होतं.

परवा तुमच्या प्रकाशकांचा फोन आला. आधी दुःख व्यक्त केलं, मग अडखळत कादंबरीचं विचारलं. मी सांगितलं, शेवटच्या प्रकरणाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, "शेवटाशिवाय कसं छापणार, मॅडम? लोक अण्णांचा शेवट मागणार."

म्हणून काल, सगळे गेल्यावर, मी ते टंकायला बसले. आई शेजारी येऊन बसली, म्हणाली, मोठ्याने वाच. तिला तुमच्या बसबिसचं काही ठाऊक नाही. मी आधी तिला रडणारा कांदा वाचून दाखवला, ती हसली. मग शालू वाचली.  आई पदराशी खेळत ऐकत होती. संपलं तेव्हा ती म्हणाली, "मना मनमानं लिखी गया हाऊ माणूस." माझ्या मनातलं लिहून गेला हा माणूस. मग डोळे पुसून मराठीत म्हणाली, "मी पण हेच मागायची देवाकडे. तू त्या पोराला भेटलीच नसतीस तर. तुझ्या सासऱ्याचा मला राग होता, तुला धरून ठेवलं म्हणून. आणि तो इथे बसून तुला सोडवत होता."

"आई, त्यांनी मला धरलं नव्हतं."

"मग का राहिलीस?"

हाच प्रश्न, पुन्हा एकदा. या वेळी कुकर नव्हता. मी तिला सांगितलं. पहिले काही महिने का राहिले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कुठे उठून जायचं बळ नव्हतं, एवढंच असेल. पण नंतर मला इथे आवडत होतं. घरी यायची घाई व्हायची मला. विंचूरहून येताना गाडीत मी दिवसभरातल्या गमती साठवून ठेवायची, अण्णांना सांगायला. माझ्या बोलण्यावर इतकं लक्ष देऊन आजवर कुणी हसलं नव्हतं, निखिलसुद्धा नाही. ती पुण्याची शालू सुखी असेल, तिची बाग छान असेल, पण मी तिला ओळखत नाही. तिच्या जागी जायला मला कुणी सांगितलं असतं तर मी विचार करायलाही वेळ मागितला नसता.

आई माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "हे त्याला सांगितलंस का कधी?"

मी नाही अशी मान हलवली. ती उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन भाकरी करायला लागली. संध्याकाळी तिने फोन करून माझ्या भावाला सांगितलं की ती चार दिवसांनी येते, एकटीच.

अण्णा, प्रकरण मी तुम्ही लिहिलंत तसंच पाठवलं आहे. एक काना-मात्रा बदलली नाही. चुकलेलं वायरिंगही तसंच ठेवलं. शालू खिडकीतून उतरते, मुलगा भेटत नाही, बस अंगणावरून जाते. तुम्हाला कुणालातरी वाचवायचं होतं, आणि तिथे तरी ते तुम्हाला जमलंय. ते मी कसं काढून टाकू? पण मला ते मान्य नाही, आजही नाही. म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान माझं घालायचं असं मी प्रकाशकांना सांगितलं. त्यांना वाटलं, सुनेचं मनोगत, आठवणी वगैरे. सकाळी त्यांनी ते वाचलं आणि लगेच फोन केला.

"मॅडम, हे तर लेखकाच्या विरोधात आहे. त्यांच्याच पुस्तकात असं कुणी छापत नाही."

मी म्हटलं, "ते असते तर त्यांनी छापलं असतं. आधी रागावले असते, मग छापलं असतं."

शेवटी ते हो म्हणाले. पान अगदी छोटं आहे. तुम्ही विचारलं होतंत, म्हणून तुम्हालाही वाचून दाखवते.

'या कादंबरीच्या शेवटी शालू नावाची एक बाई सुखी होते. माझ्या सासऱ्यांना वाटायचं की मलाही तसंच सुख मिळायला हवं होतं, आणि त्यांच्यामुळे ते हुकलं. मी त्यांच्याकडे कर्तव्य म्हणून राहिले नाही. मला त्यांच्या घरात करमत होतं. मानसी.'